थोरल्यावर ठीक

भर उन्हाळ्यातही जो माणूस कामावर स्वेटर घालून जातो, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? स्वेटरच म्हणायचे. हॉस्पिटलच्या तळघरात, एका बाजूला धुलाईखाना आणि दुसऱ्या बाजूला मोडक्या खाटांची अडगळ, यांच्या मधल्या खोलीत तो एकवीस वर्षं बसत होता. खोली कायम गार ठेवलेली, कारण तिथल्या मशीनला उष्णता सोसत नाही. माणसाला गारठा सोसतो की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. वहिनीनं विणलेला राखाडी स्वेटर कोपरांवर विरला, तेव्हा तिनं त्यावर निळ्या लोकरीची ठिगळं लावून दिली, आणि तोच अजून चालू होता.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. वरच्या मजल्यांवर दिवसभर जे काही कॉम्प्युटरमध्ये जमा होई, म्हणजे रोग्यांची माहिती, तपासण्या, छातीचे आणि हाडांचे फोटो, त्याची नक्कल रोज खाली टेपवर उतरवून घ्यायची. वर आग लागली, पाइप फुटला, एखाद्या शहाण्यानं भलतंच बटण दाबलं, तर सगळं या टेपांवरून परत मिळायला हवं. शिवाय वरच्या डिस्कवर जागा पुरेना म्हणून सात वर्षांपेक्षा जुनं सगळं तिथून पुसून टाकायचे. ते उरायचं फक्त टेपवर. म्हणजे सात वर्षांपलीकडचं सगळं हॉस्पिटल स्वेटरच्या लोखंडी कपाटात होतं, आणि हे त्याच्याशिवाय कुणाच्या गावीही नव्हतं.

मशीन म्हणजे काचेच्या दाराचं, पुरुषभर उंचीचं कपाट. आत टेपांचे कप्पे, एक यांत्रिक हात, आणि टेप लिहायचे-वाचायचे दोन ड्राइव्ह, एकावर एक बसवलेले. वरच्याला स्वेटर थोरला म्हणायचा आणि खालच्याला धाकटा. स्वतः घरातला धाकटा असल्यामुळे असेल, पण त्याचा सगळा राग धाकट्यावर होता.

कारण धाकटा पहिल्या वर्षापासून रडका. टेप घालावी, त्यानं पाच-दहा मिनिटं कुरकुर करावी, लाल दिवा लावावा आणि 'वाचता येत नाही' म्हणून टेप बाहेर टाकावी. स्वेटरनं त्याच्यासाठी जिवाचं रान केलं. साफसफाईची खास टेप असते, ती फिरवून पाहिली. केबल बदलली. वीज पुरवणारा भाग बदलला. खोलीतली धूळ, ओल, सगळं मोजलं, धुलाईखान्याकडची फट कापडाचे बोळे घालून बुजवली. कंपनीचा इंजिनिअर बोलावला तर तो आपल्या पेटीतून तपासणीची टेप काढायचा, आणि तिच्यावर धाकटा एकदम शहाण्यासारखा वागायचा. इंजिनिअर जिना चढून वर पोचेपर्यंत पुन्हा लाल दिवा. दोनदा तर सबंध धाकटाच बदलून नवा बसवला. नवाही तसाच निघाला. शेवटी 'तुमच्या तळघराची हवाच वाईट' असं म्हणून कंपनीनं हात झटकले.

थोरल्याची मात्र एकवीस वर्षांत एक तक्रार नाही. धाकट्यानं नाकारलेली टेप थोरल्यात घातली, की मुकाट्यानं पहिल्या फटक्यात वाचायचा. त्यामुळे स्वेटरनं आपली एक रीत पाडून घेतली. जे महत्त्वाचं ते थोरल्यावर लिहायचं, थोरल्यावरच वाचून पडताळायचं, आणि वहीत शेरा मारायचा, 'थोरल्यावर ठीक'. धाकट्याकडे धुलाईच्या चादरींच्या याद्या आणि मुदपाकखान्याचं सामान, आणि त्या टेपा थोरल्याला कधी दाखवायच्याही नाहीत. वहीत टेपचा नंबर, तारीख, कुणी लिहिली, कुणी वाचली, सगळे रकाने आखलेले. अक्षर असं की निरीक्षणाला येणारे साहेब ती वही दुसऱ्या हॉस्पिटलांना दाखवायला न्यायचे. अशा अकरा वह्या झाल्या होत्या. लग्न केलं नाही, सिनेमा पाहिला नाही, कुणाशी भांडला नाही. त्या माणसाचा अभिमान काय तो त्या अकरा वह्यांत होता.

घर शिंप्याच्या दुकानामागच्या दोन खोल्यांचं. तिथे दादा, वहिनी आणि तो. वडील लवकर गेले, तेव्हा दादानं शाळा सोडून मालाची गाडी चालवायला घेतली आणि धाकट्याला कॉम्प्युटरच्या वर्गाला घातलं. पुढे गाडीचा मालक धंदा गुंडाळून निघून गेला आणि दादा घरी बसला. त्याच सुमाराला, एकोणीस वर्षांपूर्वी, दगडाची भुकटी करणाऱ्या कारखान्यात भरती निघाली. ती बातमी घरी कुणी आणली? स्वेटरनं. भरतीआधीची तपासणी त्याच्याच हॉस्पिटलात होती ना. त्यानंच दादाला हाताला धरून फोटोच्या खोलीत नेलं होतं. फोटो काढणारा बाहेर येऊन म्हणाला होता, "पैलवानाची छाती आहे, एक डाग नाही." स्वेटरची स्वतःची छाती त्या दिवशी दोन बोटं फुगली होती. त्या दिवसाची टेप लिहायची वेळ आली, तेव्हा भरतीच्या तपासण्या किरकोळ म्हणून यादी धाकट्याकडे लागलेली होती. दादाचा फोटो आहे म्हणून त्यानं ती मुद्दाम काढून थोरल्याकडे लावली. टेप नंबर ४१२. वाचून पाहिली, शेरा मारला.

कारखान्यातली भुकटी पिठासारखी बारीक. दादा घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. वहिनी थट्टेनं म्हणायची, "आले आजोबा." सोळा वर्षांनी खोकला सुरू झाला आणि थट्टा थांबली. आता दादाला खाटेपासून दारापर्यंत जायचं तर मध्ये खुर्ची लागायची. डॉक्टरांनी बोटाला लावायचा एक चिमटा दिला होता. तो रक्तातला प्राणवायू आकड्यात दाखवी; नव्वदच्या खाली गेला की वाईट. सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहायचा, असं सांगितलं होतं. वहिनी लिहायची.

फुप्फुसं दगडी झाली हे सगळ्यांना मान्य होतं. कारखान्याचं म्हणणं एवढंच, की हा माणूस येतानाच आजारी होता. आजार कामामुळे झाला असं ठरवणारं एक मंडळ असतं. त्यांनी ते ठरवलं, तर घरी प्राणवायूचं मशीन, औषधपाणी, सगळं कारखान्याच्या अंगावर. नाहीतर ज्यानं त्यानं आपलं बघावं. मंडळानं पत्र पाठवलं: भरतीच्या वेळचा छातीचा फोटो हजर करा. सुनावणी एक महिन्यानं.

वहिनीनं पत्र दोनदा वाचून घेतलं. "भाऊजी, एवढा जुना फोटो कुठून आणायचा?"

स्वेटर हसला. कितीतरी महिन्यांनी त्या घरात कुणीतरी हसलं. "माझ्याकडे आहे की. माझ्या हातानं ठेवलाय."

दादा भिंतीला टेकून बसला होता. "बघ," तो बायकोला म्हणाला, आणि दम घ्यायला थांबला. "उगाच शिकवलं का त्याला."

त्या रात्री वहिनी जेवताना कितीतरी बोलली. प्राणवायूचं मशीन आलं तर कुठल्या कोपऱ्यात ठेवायचं, त्याचा आवाज होतो का, शिंपी कुरकुर करेल का. स्वेटरनं तिला कोपरा मोजून दिला.

आता एक गोष्ट मागे राहिली, ती सांगायला हवी. तीन महिन्यांपूर्वी थोरला बंद पडला होता. काही मोठं नाही, टेप ओढणारी मोटर जळली, एकवीस वर्षांनी कुणाचीही जळेल. कंपनीची नवी इंजिनिअर बाई आली, तिनं जुना काढून नवा बसवला. करारात असं होतं, की काढलेला भाग कंपनी परत नेते आणि मोडीत काढते. तिनं कागद पुढे केला. 'जुना भाग नष्ट करण्यास आमची हरकत नाही.' स्वेटरनं सही करण्याआधी थोरल्यावरची धूळ रुमालानं पुसली. बाईला ते जरा गमतीचं वाटलं असावं.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ४१२ काढली आणि नव्या थोरल्यात घातली. कुरकुर. लाल दिवा. टेप बाहेर.

नव्याला नवेपणाची खोड असेल, असं म्हणून त्यानं साफसफाईची टेप फिरवली आणि पुन्हा घातली. पुन्हा तेच. धाकट्यात घातली, तिथे तर तोंड वाकडं होणारच होतं, झालं. मग त्यानं त्या वर्षाची दुसरी टेप घेतली. तिसरी. मागच्या वर्षाची. गेल्या हिवाळ्यातली. सगळ्या बाहेर. तो खुर्चीवर बसला आणि त्यानं स्वतःला शिस्तीनं विचार करायला लावलं. या धंद्यात पहिला नियम एकच: चूक कुणाच्या मागे जाते ते बघायचं. टेप बदलली आणि चूक राहिली, तर ड्राइव्ह वाईट. ड्राइव्ह बदलला आणि चूक राहिली, तर टेप वाईट. त्यानं हाताला लागली ती एक टेप काढली, चादरींच्या याद्यांची, धाकट्यानं लिहिलेली. नव्या थोरल्यानं ती मिनिटभरात वाचली. नऊ वर्षांपूर्वी कुठल्या वॉर्डात किती चादरी गेल्या, पडद्यावर सगळं आलं.

मग त्यानं अकरा वह्या टेबलावर काढल्या. धाकट्यानं नाकारलेली एकेक टेप शोधून तिच्यासमोरचा रकाना बघितला, कुणी लिहिली. थोरल्यानं. थोरल्यानं. थोरल्यानं. दुपारपर्यंत तो चौथ्या वहीपर्यंत पोचला आणि थांबला. पुढे बघण्यात अर्थ नव्हता. वीस वर्षं चूक टेपांच्या मागे जात होती आणि टेपा थोरल्याच्या मागे, आणि हे त्यानं स्वतःच्या सुरेख अक्षरात ओळीनं लिहून ठेवलं होतं. फक्त वाचलं नव्हतं.

त्यानं इंजिनिअर बाईला फोन लावला. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या जुन्या वरच्या ड्राइव्हचं लिहायचं-वाचायचं हेड तिरकं असणार," ती म्हणाली. "केसभर. येतानाच तसं आलं असेल. तो तिरकं लिहायचा, आणि वाचतानाही तेवढाच तिरका, म्हणून त्याला त्याचं बरोबर वाचता यायचं. दुसऱ्या कुणाला नाही."

"म्हणजे धाकटा..."

"खालचा ना? तो सरळ होता. तीनही सरळ होते."

"कंपनीच्या तपासणीच्या टेपवर थोरल्याला कुणी कधी बघितलं नाही?"

"तक्रार नसेल तर आम्ही हात लावत नाही, काका. तक्रार होती का?"

नव्हती. तो ड्राइव्ह मिळेल का, असं त्यानं विचारलं, तेव्हा पलीकडे कळांचा आवाज आला. मग ती म्हणाली की महिन्याभरापूर्वीच तो फोडून धातू वेगळा झालाय, आणि कागदावर तुमची सही आहे. एक प्रयोगशाळा आहे, अशा टेपा वाचायचा प्रयत्न करते. सात-आठ महिने लागतात, खात्री नाही, आणि अर्ज हॉस्पिटलनं करावा लागतो.

तो वर अधीक्षकांकडे गेला. अधीक्षक सभ्य माणूस, खुर्ची दिली. सगळं ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला, पण तो दादासाठी नव्हे.

"म्हणजे सात वर्षांपूर्वीचं काहीच वाचता येत नाही?"

"धुलाईखान्याचं येतं, साहेब. मुदपाकखान्याचं पण."

अधीक्षक बराच वेळ पेन उघडत-मिटत राहिले. अर्ज केला तर कारण लिहावं लागणार, आणि कारण लिहिलं तर हॉस्पिटलची अब्रू वेशीवर टांगली जाणार. ते म्हणाले, "एका फोटोसाठी सगळं उकरायचं नाही. मंडळाला 'उपलब्ध नाही' असं कळवू. वहीची प्रत जोडू, म्हणजे आपलं काम चोख होतं हे त्यांना दिसेल." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या वह्यांमुळेच आपण वाचलोय म्हणा."

घरी त्यानं चार दिवस काही सांगितलं नाही. वहिनीनं कोपरा रिकामा करून ठेवला होता. पाचव्या दिवशी सांगितलं. दादाला हेड, तिरकं, काही कळलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, "पण फोटो आहे ना त्यात?"

"आहे. दिसत नाही फक्त."

"मग तसं सांग तिथं. तुझ्या शब्दाला किंमत आहे."

वहिनीनं रिकाम्या कोपऱ्यात परत धान्याचा डबा ठेवला. तिच्या हे आधीच ध्यानात आलं असावं.

सुनावणीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद. फुप्फुसाच्या रोग्यांना बोलावणाऱ्या माणसांनी तिसरा मजलाच निवडावा, याला काय म्हणायचं? स्वेटर आणि वहिनीनं दादाला एकेक पायरी वर नेलं. पोचायला पाऊण तास लागला आणि बोलायची पाळी आली, तेव्हा दादाच्या अंगात बोलण्याएवढा दम उरला नव्हता. टेबलापलीकडे तिघं जण. मधल्या बाई अध्यक्ष. बाजूला कारखान्याचा वकील, तरुण, नीटनेटका, आवाज अगदी मऊ.

स्वेटर उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. अधीक्षकांनी गप्प बसायला सांगितलं होतं, तरी सांगितलं. नोकरीवर पाणी सोडायची तयारी करूनच तो आला होता. थोरला, धाकटा, केसभर तिरकं हेड, चादरींच्या याद्या. मंडळींनी अडवलं नाही. खरं बोललं की लोकांना कळतंच, असं त्याला बोलता बोलता वाटायलाही लागलं.

मग वकिलानं वहीची प्रत पुढे सरकवली. "टेप ४१२. लिहिल्यावर वाचून पाहिली होती?"

"हो."

"शेरा काय आहे? वाचून दाखवाल?"

"थोरल्यावर ठीक."

"पुढे दर दोन वर्षांनी पुन्हा वाचून पाहिलीत. नऊ वेळा. प्रत्येक वेळी?"

"ठीक."

"हा शेरा कुणाचा?"

"माझा."

"ड्राइव्हमध्ये दोष होता असं एकवीस वर्षांत एकदा तरी लिहिलंय?"

"धाकट्याबद्दल लिहिलंय."

"थोरल्याबद्दल?"

स्वेटरनं वहीची प्रत परत वकिलाकडे सरकवली.

"तो ड्राइव्ह आज दाखवता येईल?"

"नाही. मोडीत निघाला."

"कुणाच्या सहीनं?"

"माझ्या."

"आणि अर्जदार तुमचे कोण?"

"सख्खा भाऊ."

वकील अध्यक्षांकडे वळला. त्याला आवाज चढवायची गरजच पडली नाही. टेप नऊ वेळा तपासलेली, नऊही वेळा चांगली. चांगल्या टेपमधून फोटो निघत नाही, याचा अर्थ तो तिच्यात कधी नव्हताच. आणि दोषाची गोष्ट पत्र आल्यानंतरची, भावाच्या तोंडची. अध्यक्षबाईंनी वही पुढे ओढून पानं उलटली. "फारच व्यवस्थित ठेवली आहे," त्या म्हणाल्या, आणि ते कौतुकच होतं. फोटोला मुदतवाढ मागितली ती नामंजूर. अर्ज नामंजूर. पुढचं नाव पुकारलं गेलं.

उतरताना प्रत्येक वळणावर थांबावं लागलं. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी बाकडं ठेवलं होतं. दादा त्याच्यावर बसला, डोळे मिटून कितीतरी वेळ नुसता श्वास ओढत राहिला. मग म्हणाला, "तू ठीक लिहिलंस, ते खोटं लिहिलंस का?"

"नाही रे दादा."

"मग झालं तर."

स्वेटरला वाटलं, यानं एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. लहानपणी मारायचा. आता त्याच्या हातात तेवढीही ताकद नव्हती, आणि असती तरी त्यानं मारलं नसतं.

नोकरी गेली नाही. अधीक्षकांनी आठवडाभर तोंड पाहिलं नाही, मग विसरले. आता स्वेटर प्रत्येक टेप एका ड्राइव्हवर लिहितो आणि दुसऱ्यावर वाचतो. वेळ दुप्पट लागतो. असं करायला कुणी सांगितलेलं नाही, आणि केलं तरी जुन्यातलं काही परत येणार नाही. दर गुरुवारी काम आटपल्यावर तो ४१२ धाकट्यात घालतो. अकरा मिनिटं कुरकुर होते, लाल दिवा लागतो, टेप बाहेर येते. धाकट्याला तो आता शिव्या देत नाही.

परवा संध्याकाळी वहिनीनं चिमटा दादाच्या बोटाला लावला आणि चष्मा सापडेना म्हणून वही स्वेटरपुढे केली. "भाऊजी, तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर चांगलं."

आकडा चढायला बघत होता आणि खाली येत होता. ब्याऐंशीवर येऊन थांबला. वहिनी दुसरीकडे बघत होती. दादानं मान वळवून आकडा पाहिला, धाकट्याचं तोंड पाहिलं, आणि दोन श्वासांच्या मध्ये म्हणाला, "ठीक लिही."

स्वेटरनं पेन उघडलं आणि रकान्यात ब्याऐंशी लिहिलं.